सांगली ते अगत्ती: पहिल्यांदाच जहाजावर

रविवार, रात्र

क्रूझला जायचं ठरलं की लोक आधी कपड्यांच्या मागे लागतात. सांगलीकरानं आधी गाडीचं बघावं. जहाज सुटतं मुंबईत बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून, आणि तो धक्का सीएसएमटीपासून टॅक्सीनं जेमतेम दहा मिनिटांवर. महालक्ष्मी एक्स्प्रेस त्यासाठी एकदम सोयीची. रात्री सांगलीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं. फक्त एक लक्षात ठेवायचं: गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. आम्हाला दुपारी साडेबाराची वेळ मिळाली होती, म्हणून त्याच सकाळी पोचायचा बेत केला. सकाळची वेळ असती तर आदल्या दिवशीच जाऊन राहिलो असतो.

आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मध्यरात्रीच्या सुमारास साताऱ्याला भाऊजी, जाऊबाई आणि पुतण्या चढले. जाऊबाईंच्या एका हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात ॲव्होमिनची पूर्ण स्ट्रिप. त्यांना पसरणीच्या घाटातसुद्धा गाडी लागते, समुद्रात काय होईल या काळजीनं पंधरा दिवस झोप नव्हती. "वहिनी, मी केबिनमधनं बाहेरच येणार नाही बघा," बर्थवर आडवं होता होता त्यांनी जाहीर केलं.

आमच्यात बोटीचा अनुभव असलेल्या एकट्या आई. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. लग्नाआधी मुंबईला मामाकडे जायचं ते बोटीनंच. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण क्रूझचं नाव काढल्यावर "मी येणार" हे वाक्य सगळ्यात आधी त्यांच्याच तोंडून आलं.

कागदपत्रांचं काम एजंटानं केलं. अगत्ती हे लक्षद्वीपमधलं बेट, आणि लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो बुकिंगबरोबरच काढून मिळाला. आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः एक आहे ना, ते मात्र स्वतः बघा. एजंट बघत नाही.

सोमवार

सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवून, फोर्टात इडली-चहा करून आम्ही टर्मिनलवर गेलो. आतली पद्धत विमानतळाची. मोठ्या बॅगांना केबिन नंबरचे टॅग लावतात आणि बॅगा घेऊन जातात. त्या थेट केबिनच्या दारात येतात, पण केव्हा? आमच्या संध्याकाळी सहाला आल्या. तोवर जवळ असतं ते फक्त खांद्यावरच्या पिशवीत. आईंच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या, चष्मा, चार्जर, एक बदलायचा कपडा आणि पुतण्याची पोहायची चड्डी मी वर ठेवली होती. बाकीची पोरं तलावाच्या काठावर जीन्स घालून बसली होती.

स्कॅनरपाशी वेगळीच गंमत. घरचं खायचं आत न्यायला मनाई. सीलबंद भडंगाची पाकिटं सुटली, लोणच्याची बरणी अडकली. आमच्या पुढच्या एका काकांच्या बॅगेतून इस्त्री निघाली. इस्त्री, किटली, सुरी, दारूची बाटली यातलं काही चालत नाही; इस्त्री-किटलीला कारण आगीची भीती. काकांना इस्त्रीची पावती मिळाली, ते ती पावती रागानं घडी घालत होते.

चेक-इनला प्रत्येकाचा फोटो काढून एक कार्ड देतात. पुढचे सगळे दिवस हे कार्डच चालतं: केबिनचं दार उघडायला, चढायला-उतरायला, आणि पैसे द्यायलाही. जहाजावर रोख कुठंच चालत नाही. कार्ड दाखवायचं, सही करायची, हिशेब शेवटच्या दिवशी. हातातून नोट जात नाही म्हणून खर्च कळत नाही, आणि हे कार्ड काढणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की आमची सगळी कार्डं ह्यांच्याकडे राहतील आणि रोज रात्री हिशेब रिसेप्शनवरून तपासायचा.

केबिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बुकिंग करताना सगळा गोंधळ इथंच होतो. सगळ्यात स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. त्यावर खिडकीची, मग बाल्कनीची, मग स्वीट. आम्ही खिडकीची घेतली, भाऊजींनी आतली. भाऊजींच्या केबिनमध्ये दिवा बंद केला की हाताला हात दिसत नाही; सकाळ झाली हे घड्याळच सांगणार. तरुण माणसांना काही फरक पडत नाही, ती केबिनमध्ये असतातच कुठं! पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर खिडकी घ्याच. दुपारी त्यांना पडायचं असतं, आणि पडल्या पडल्या बाहेरचं पाणी दिसलं की वेळ जातो. बाल्कनीसाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटलं नाही. त्यापेक्षा जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा. जहाज हलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मध्यात खाली सगळ्यात कमी. जाऊबाईंसाठी भाऊजींनी हे आधीच विचारून घेतलं होतं.

तिघांच्या केबिनमध्ये तिसरा पलंग भिंतीतून खाली येतो, शिडी लावून चढायचं. तिथं ह्यांची वर्णी लागली. बाथरूम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या जरा वरचं. शौचालयाचं बटण दाबलं की हवेच्या दाबानं असा काही आवाज होतो की आई पहिल्यांदा "अगं बाई!" करून बाहेरच आल्या.

चारच्या सुमाराला सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला. ही सुरक्षेची कवायत, आणि ती चुकवता येत नाही. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, हजेरी होते, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार 1914 मध्ये झाला. तरीही 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ खडकावर आपटली, 32 माणसं गेली, आणि त्यातल्या कित्येक प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. तेव्हापासून नियम असा की जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच कवायत उरकायची. लोक मोबाइलवर रील बघत उभे होते. आईंनी मात्र जॅकेटचे पट्टे कुणी सांगायच्या आत ओढून, कमरेशी बक्कल लावून घेतलं. शिकवणारा मुलगा बघतच राहिला. "आजी, आपने पहले पहना है क्या?" त्याला काय सांगणार! 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या घरातून आम्हाला बोटीनं काढलं होतं. तेव्हा असलीच नारिंगी जाकिटं होती.

पाचला जहाज हललं. हललं हे कळलंच नाही, धक्का मागे सरकायला लागला तेव्हा समजलं. उजवीकडे नौदलाची गोदी, मग गेटवे आणि ताज. आयुष्यभर गेटवेवरून समुद्र बघितला, समुद्रावरून गेटवे पहिल्यांदाच. डावीकडे बुचर बेटाच्या तेलाच्या टाक्या आणि मागे घारापुरीचे डोंगर. सगळे वरच्या डेकवर डीजेसमोर गोळा झाले होते. आम्ही एक मजला खाली कठड्याशी गेलो आणि तिथंच या प्रवासातली एक छान गोष्ट बघायला मिळाली. बंदरातून जहाज बाहेर काढायला मुंबई बंदराचा पायलट कप्तानाच्या शेजारी उभा असतो. बाहेर आलं की त्याचं काम संपतं, पण जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. एक छोटी बोट शेजारून त्याच वेगानं पळत आली. जहाजाच्या पोटातलं दार उघडलं, दोरीची शिडी खाली सोडली, आणि एक मध्यमवयीन गृहस्थ शांतपणे उतरले, बोट लाटेवर वर येईपर्यंत एका पायरीवर थांबले, आणि मग पाय टाकला. वळून हात केला, बोट निघाली परत. पुतण्याला डीजेपेक्षा हेच आवडलं.

कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपगृह मागे पडला. डाव्या हाताला अंधूक उजेडात खांदेरी-उंदेरी. भाऊजी सातारकर, त्यांना राहवेना: "आपला प्रतापगड आणि ही खांदेरी, दोन्ही एकाच यादीत आली बघा." 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले हे दोन. आई त्या बाजूला बराच वेळ बघत होत्या. रामदास बोट तिकडंच कुठंतरी गेली, म्हणाल्या. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं होती. आईंच्या लहानपणी कोकणातल्या प्रत्येक घरात बोटीला बसताना कुणीतरी हे बोलून दाखवायचंच. आम्ही दोघी जावा गप्प. मग आईच म्हणाल्या, "चला, जेवायला किती वाजता म्हणाले ते?"

मंगळवार

आज दिवसभर समुद्र. कुठलंही बंदर नाही, किनारा नाही. मुंबई ते अगत्ती जवळजवळ नऊशे किलोमीटर, आणि जहाज चाललंय 13 नॉटनं, म्हणजे ताशी 24 किलोमीटर. सांगली-मिरज रस्त्यावर रिक्षा याहून जोरात जाते.

आपल्याकडच्या सहलींना पॉइंट बघायची सवय लागलेली असते. पहाटे पाचला उठवायचं, सात ठिकाणं, प्रत्येकी वीस मिनिटं, फोटो, गाडीत बसा. त्या सवयीनं आमच्या मजल्यावरचा एक ग्रुप सकाळी नऊपासून विचारत होता, "आज काय दाखवणार?" आज काहीच दाखवणार नाहीत. जहाजाच्या सहलीत जहाज हेच ठिकाण, बंदर ही मधली सुट्टी. ज्याला हे मान्य नसेल त्यानं क्रूझच्या वाटेला जाऊ नये, सरळ केरळची टूर घ्यावी. आणि ज्याला मान्य असेल त्यानं समुद्रातला एक पूर्ण दिवस असलेलीच सफर निवडावी. दोन रात्रींच्या गोव्याच्या फेरीत चढण्या-उतरण्यातच वेळ जातो, शनिवार-रविवारी तर गर्दी आणि दंगाही जास्त.

बोट लागण्याचं काय झालं, हे आता सांगायला हवं. काही झालं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र इकडच्या बाजूला शांत असतो, शिवाय मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच मारतात. रात्री झोपेत पाळण्यासारखं हलकं हललं तेवढंच. जाऊबाईंनी रात्रीच गोळी घेतली होती. ॲव्होमिन त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन उपयोग कमी. तिनं झोप फार येते, आणि वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आईंनी गोळी नाकारली आणि आपला जुना उपाय केला: आल्याची वडी तोंडात, पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि नजर लांब क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलेच दोघं-तिघं दुपारी पडलेले दिसले.

खाण्याचं म्हणाल तर, भाड्यात जेवण असतं आणि ते भरपूर असतं. शाकाहारी वेगळं, जैन वेगळं, काउंटर वेगळे. गुजराती मंडळी बरीच, त्यामुळे पोहे गोड आणि डाळही गोड. आईंचा पहिल्या दिवशीच चेहरा उतरला, पण पुढे त्यांनी इडली-दही-भात असा आपला मार्ग काढला. जेवायच्या हॉलमध्ये दोन पाळ्या असतात. पोरं आणि म्हातारी माणसं असतील तर पहिली पाळी मागून घ्या. बुफेच्या दारात एक मुलगा प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर मारतो. लोक वैतागतात, पण एवढी माणसं एका भांड्यात चमचे घालतात तिथं एकाचं पोट बिघडलं तर सगळ्या जहाजाचं बिघडायला वेळ लागत नाही. हात साबणानं धुवावेत ते वेगळंच.

बुफेमधलं पाणी, चहा फुकट. त्याच मजल्यावर दहा पावलांवरच्या कॅफेतली कॉफी पैशाची. बाटलीबंद पाणी पैशाचं. सरबत पैशाचं, दारू तर अर्थातच. कुठली रेघ ओलांडली की पैसे सुरू होतात ते कळायला एक दिवस जातो. आंघोळीचं गोडं पाणी कुठून येतं, हे पुतण्यानं एका कर्मचाऱ्याला विचारलं. अशा जहाजांवर समुद्राचंच पाणी घेऊन क्षार काढतात. बाहेर बघावं तिकडं पाणी, आणि त्यातूनच आंघोळीचं पाणी तयार होतंय, याचं त्याला फार अप्रूप.

मोबाइल: मुंबई मागे पडली की तासाभरात रेंज संपते. त्यानंतर फोनवर एखादं अनोळखी नेटवर्क दिसायला लागतं. ते जहाजाचं, उपग्रहावरून चालणारं, आणि रोमिंगचे दर ऐकून घाम फुटतो. सरळ फ्लाइट मोड लावा. जहाजावरचं वायफाय वेगळं विकत घ्यावं लागतं. आम्ही घेतलं नाही. ह्यांची पहिल्या तासात जरा चुळबुळ झाली, मग उनो काढला. पुतण्या, हे आणि आई, तिघांनी दुपारभर उनो खेळला. आई लबाडी करतात.

दुपारी बिंगो, संध्याकाळी जादूचा कार्यक्रम, रात्री गरबा. कार्यक्रम ठीक होते, लग्नाच्या संगीतात असतात तसलेच. स्पीकरचा आवाज मात्र तलावाच्या आसपास बसवत नाही. शांतता हवी असेल तर खालच्या डेकवर लाइफबोटी टांगलेल्या असतात त्या लांबलचक ओट्यावर जा. तिथं वाऱ्याची एक बाजू आणि आडोशाची एक बाजू असते. आडोशाच्या बाजूला आम्ही खुर्च्या ओढून बसलो. पाण्याचा रंग मुंबईजवळ मातकट हिरवा होता, इथं शाईसारखा निळा. जहाजाच्या लाटेतून उडते मासे सुटतात, चांगले लांबवर पाण्याला समांतर जातात आणि टुपकन आत. पहिल्यांदा वाटतं पक्षी.

रात्री गरबा जोरात असताना भाऊजी आम्हाला मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घेऊन गेले. ते शाळेत भूगोल शिकवतात, आणि हा कार्यक्रम त्यांच्या डोक्यात साताऱ्यापासून होता. ध्रुव क्षितिजापासून जेवढ्या अंशांवर दिसतो तेवढे आपले अक्षांश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश. सांगलीत ध्रुव 17 अंशांवर असतो, म्हणजे पावणेदोन मुठी. इथं मागच्या कठड्यावरून मोजलं तर एक मूठ आणि वर दोन बोटं. एवढे आपण दक्षिणेला आलो होतो, आणि ते नकाशा न बघता हातावर मोजता येत होतं. पुढच्या बाजूला गेलो तर दक्षिणेचा अगस्ती तारा चांगला वर आलेला. आईंनी हात जोडले.

बुधवार

सकाळी सातला खिडकीतून नारळाची एक बारीक काळी रेघ दिसली. अगत्ती. बेट जेमतेम साडेसात किलोमीटर लांब, सगळ्यात रुंद जागी किलोमीटरभर, आणि उंची अशी काही नाहीच. प्रवाळाच्या वाळूचं, समुद्रापेक्षा हातभर वर. दक्षिण टोकाला धावपट्टी आहे. एवढं मोठं जहाज तिथं धक्क्याला लागू शकत नाही, बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि स्थानिक बोटी प्रवासी घ्यायला येतात.

हे सगळं समुद्राच्या मर्जीवर. लाटा मोठ्या असतील तर कप्तान उतरवणंच रद्द करतो, आणि मग दिवस जहाजावरच. आमच्या शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं जोडपं याच कारणासाठी दुसऱ्यांदा आलं होतं. तेव्हा बुकिंगच्या अटींमध्ये बंदर रद्द झालं तर काय परत मिळतं, ते वाचून ठेवा. बहुधा बेटावरच्या सहलीचे पैसे मिळतात, जहाजाच्या भाड्याचे नाही.

उतरण्याची जागा जहाजाच्या पोटात, पाण्याच्या जवळ. लोखंडी दार उघडं, बाहेर लाकडी बोट वर-खाली होतेय. खाली गेली की मधे दोन फूट अंतर, वर आली की दाराच्या पातळीला. दारात दोघं, बोटीत दोघं. दारातला माणूस दंड घट्ट धरतो, बोट वर यायला लागली की म्हणतो, "रुको... रुको... अभी!" आणि त्या एका क्षणात पाऊल टाकायचं. आपण स्वतःच्या मनानं उडी मारायची नाही, आणि "अभी" म्हटल्यावर विचारही करायचा नाही. जाऊबाई दोनदा मागे सरल्या. आईंच्या गुडघ्यांची मला काळजी होती. उतरू नका असं मी आदल्या रात्री सुचवूनही बघितलं होतं. त्या पुढे झाल्या, साडीचा काचा जरा वर खोचला, हात त्या पोराच्या हातात दिला आणि "अभी"ला बोटीत. बसल्यावर म्हणाल्या, "हा तर पडावच की गं." जयगडला बोट अशीच खोल पाण्यात थांबायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि खलाशी माणसांना हाताला धरून, पोरांना उचलून पडावात घ्यायचे. "तेव्हा ही जाकिटं नव्हती एवढंच." त्यांना आम्ही इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. पुढचा पाऊण तास त्या बोलत होत्या, इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून, आणि पुतण्या त्यांच्या शेजारी सरकून बसला होता.

मग खडकांची रेघ ओलांडली. ओलांडली म्हणजे पाण्यानंच सांगितलं: बाहेर गडद निळं, पांढऱ्या फेसाची एक ओळ, आणि आत एकदम फिकं, हिरवट, तळातली वाळू दिसणारं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं, लाटा त्यावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. पोहता न येणाऱ्यांनीही त्या उथळ पाण्यात कमरेपर्यंत उतरून बघावं. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि मासे दिसतात. पुतण्यानं आणि ह्यांनी तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घातलं आणि बाहेर काढायलाच तयार नव्हते. या सगळ्याचे पैसे वेगळे, ते आधी जहाजावर भरले तर रांग टळते. प्रवाळाचा तुकडा किंवा शंख आठवण म्हणून उचलायचा नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना तपासणी होते.

दारूला लक्षद्वीपच्या वस्तीच्या बेटांवर बंदी आहे. बोलणं मल्याळम, हिंदी बऱ्यापैकी चालतं. अख्ख्या लक्षद्वीपात 2011 च्या जनगणनेप्रमाणे माणसं 64 हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी, आणि वस्ती फक्त दहा बेटांवर. मोबाइलला रेंज आली. कोचीहून समुद्राखालून टाकलेली केबल जानेवारी 2024 पासून सुरू आहे. लगेच सगळ्यांच्या माना खाली. पण सुटे पैसे खिशात ठेवा, दर वेळी यूपीआय चालेलच असं नाही.

जेवण बेटावरच होतं. भात, आमटी, टूना. अगत्तीचे लोक टूना गळानं, एकेक धरतात, जाळ्यानं नाही. ह्यांनी तीनदा वाढून घेतला. एका बाईकडून नारळाचा आणि गुळाचा हलवा घेतला, पानात बांधलेला, तो अप्रतिम होता. तिच्याशी बोलायला आम्हाला भाषा नव्हती. आईंनी हलव्याकडे बोट दाखवलं, मग नारळाच्या झाडाकडे, मग ढवळायची खूण केली. तिनं मान हलवली, हातानं किती वेळ ढवळायचं ते दाखवलं, आणि दंड चेपून दुखतो असाही अभिनय केला. दोघी खूप हसल्या.

चार-पाच तास मिळतात. कमीच वाटतात. साडेतीनच्या शेवटच्या बोटीआधी जाणं शहाणपणाचं, कारण शेवटच्या बोटीला सगळ्यांचीच घाई असते.

गुरुवार

परतीचा समुद्र जरा उठलेला. बुफेत ताटं घेऊन चालताना लोक एकदम एका बाजूला जात होते. आम्ही बहुतेक वेळ लाइफबोटींखालच्या त्याच ओट्यावर काढला. नवीन सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि मला तोच दिवस सगळ्यात आवडला. दुपारी डॉल्फिनचा एक घोळका जहाजाच्या पुढच्या लाटेवर आला. कुणीतरी ओरडलं, अर्धं जहाज एका कठड्याला लागलं, तोवर गेलेसुद्धा.

रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. म्हणजे सकाळी घालायचे कपडे, चपला आणि औषधं आत राहिली पाहिजेत. आमच्या बोळात सकाळी एक गृहस्थ टॉवेलवर फिरताना दिसले, त्यांच्या बॅगा पुढे गेल्या होत्या.

शुक्रवार

सहाला दाराखालून बिल आलं. भाडं आधीच भरलेलं असतं. या बिलात येतं ते जहाजावर सही केलेलं सगळं. सेवाशुल्क दर माणशी दर रात्री असतं, ते काही ठिकाणी बुकिंगमध्ये धरतात, काही ठिकाणी इथं लावतात. त्यावर जीएसटी. सगळं मिळून आमचा खर्च जाहिरातीतल्या भाड्याच्या दीडपट झाला, त्यात मुंबईपर्यंतचं जाणं-येणं धरून. बजेट करताना हाच आकडा धरावा, म्हणजे नंतर डोकं दुखत नाही.

आमच्या बिलात दोन मॉकटेल जास्त लागले होते. ह्यांनी रोज रात्री हिशेब बघितला होता, त्यामुळे रिसेप्शनवर वाद घालावा लागला नाही. सहीची चिठ्ठी मागितली, ती दुसऱ्याच केबिनची निघाली, पैसे वजा झाले. पण त्यासाठी रांगेत चाळीस मिनिटं गेली. बिल बघायचं असेल तर आदल्या रात्रीच बघा. सकाळी रिसेप्शनसमोर अख्खं जहाज उभं असतं.

उतरायला मजल्याप्रमाणे बोलावतात. आम्ही साडेनऊला बाहेर. जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीनच हलतेय असं वाटलं. मेंदूला सवय झालेली असते, ती दिवसभरात जाते. कोयना एक्स्प्रेस सकाळीच सुटलेली, त्यामुळे साताऱ्यापर्यंत बसनं आणि पुढे आम्ही सांगलीची गाडी धरायची असं ठरलं.

लोणच्याच्या बरणीची पावती दाखवून बरणी परत घेतली. इस्त्रीवाले काकाही तिथंच रांगेत होते.

बस खोपोली सोडून घाट चढायला लागली तसा जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. नऊशे किलोमीटर जाताना आणि नऊशे येताना ज्यांना काही झालं नाही, त्यांना खंडाळ्याच्या घाटात गाडी लागली. आईंनी आल्याची वडी पुढे केली, भाऊजींनी खिडकी उघडली, आणि स्ट्रिपमधली उरलेली शेवटची गोळी लोणावळा येईपर्यंत सापडली नाही.